क्लोन केलंत, आता लगेच चालवू नका

नोकरी शोधणाऱ्या नव्या प्रोग्रॅमरपर्यंत मालवेअर हल्ली बरेचदा मुलाखतीचा गृहपाठ बनून पोचतं. लिंक्डइनवर कुणी रिक्रुटर बोलायला लागतो, पगाराचा आकडा ऐकून घरी सांगावंसं वाटतं, आणि मग एका रेपॉझिटरीची, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्याची, लिंक येते. प्रोजेक्ट चालवून बघा, एक बग आहे, दोन तासांत दुरुस्त करून पाठवा. सुरक्षा संशोधकांनी २०२३ साली या पद्धतीला 'कंटेजियस इंटरव्ह्यू' असं नाव दिलं आणि तिचा माग उत्तर कोरियाशी संबंधित गटांपर्यंत काढला. त्यातलं 'बीव्हरटेल' ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट उचलतं, मग 'इनव्हिजिबलफेरेट' नावाचं मागचं दार (बॅकडोअर, म्हणजे पुन्हा आत शिरायची चोरवाट) बसवतं. दोन तासांची मुदत उगाच दिलेली नसते. घाईत असलेला माणूस कोड वाचत बसत नाही.

त्यामुळे पहिल्यांदा शिकायची गोष्ट ही, की कुठल्या पायरीवर दुसऱ्याचा कोड आपल्या मशीनवर खरोखर चालतो. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच द्यायच्या.)

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि क्लोन म्हणजे रेपॉझिटरीची पूर्ण नक्कल उतरवून घेणं. गिट क्लोन केल्यावर फाइली डिस्कवर उतरतात, चालत काही नाही. गिटचे हुक, म्हणजे कमिटच्या (बदलाची नोंद करण्याच्या) आधी-नंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, क्लोनबरोबर येत नाहीत, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. या नियमाला गिटमधल्याच चुकांमुळे कधीतरी भोक पडतं. मे २०२४ मध्ये सबमॉड्यूलसकट (आत जोडलेल्या दुसऱ्या रेपॉझिटरींसकट) क्लोन करताना विंडोज आणि मॅकवर कोड चालवता येईल अशी त्रुटी सापडली, ती २.४५.१ मध्ये बुजवली. तेव्हा गिट अद्ययावत ठेवा आणि अनोळखी रेपॉझिटरी 'रिकर्स-सबमॉड्यूल्स' न लावता क्लोन करा.

लिंकऐवजी झिप फाइल आली, तर मात्र हिशेब बदलतो. झिपमध्ये डॉट-गिट फोल्डर (गिट स्वतःची माहिती ठेवतं ते) तयार बसलेलं असू शकतं, त्यात हुक असतात आणि कॉन्फिग फाइलही असते. कॉन्फिगमधल्या 'कोअर.एफएसमॉनिटर' या ओळीत एखादी कमांड लिहिलेली असेल, तर तुम्ही नुसतं गिट स्टेटस विचारलंत तरी ती चालते. टर्मिनलच्या प्रॉम्प्टमध्ये ब्रँच (कामाची फांदी) आणि बदल दाखवणारी सजावट केली असेल, तर फोल्डरमध्ये शिरणंही पुरेसं ठरू शकतं, कारण ती सजावट मागच्या मागे हाच प्रश्न विचारत असते. झिप उलगडल्यावर त्यातलं डॉट-गिट फोल्डर फाइल मॅनेजरमधूनच उडवा, मग पुढे.

एडिटर ही पुढची पायरी. व्हीएस कोड विचारतो, या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का? सवयीने 'हो' दाबलं जातं. डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधल्या टास्क फाइलीत 'फोल्डर उघडताच चालव' असं लिहिण्याची सोय आहे आणि हल्लेखोर ती वापरतात. 'नाही' म्हणा. रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये वाचायला काही अडत नाही.

खरा स्फोट बहुधा इन्स्टॉलच्या वेळी होतो. एनपीएम हे जावास्क्रिप्टची पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, आणणारं साधन. एनपीएम इन्स्टॉल म्हटलं की पॅकेज.जेसनमधल्या प्रीइन्स्टॉल, इन्स्टॉल, पोस्टइन्स्टॉल आणि प्रिपेअर या स्क्रिप्ट न विचारता चालतात, आणि ज्या शेकडो पॅकेजवर प्रोजेक्ट उभा आहे त्यांच्याही इन्स्टॉल-स्क्रिप्ट चालतात. पायथनमध्ये सोर्स स्वरूपातलं पॅकेज असेल तर त्याची सेटअप फाइल इन्स्टॉल होतानाच चालते. म्हणून आधी पॅकेज.जेसनचा 'स्क्रिप्ट्स' भाग वाचायचा, मग 'एनपीएम सीआय --इग्नोअर-स्क्रिप्ट्स' द्यायचं. 'सीआय' लॉकफाइलमधल्या (पॅकेजच्या आवृत्त्या लिहून ठेवलेल्या फाइलीतल्या) नेमक्या आवृत्त्या आणतं, 'इन्स्टॉल' मात्र प्रसंगी लॉकफाइलच बदलतं. एनपीएमचा पर्याय असलेल्या पीएनपीएमच्या १० व्या आवृत्तीपासून परक्या पॅकेजच्या स्क्रिप्ट मुळातच बंद असतात.

कोड वाचताना आल्ट आणि झेड दाबून वर्ड रॅप चालू करा. या गृहपाठांमधली एक जुनी युक्ती अशी: साध्या कॉन्फिग फाइलीत एका निरुपद्रवी ओळीच्या शेवटी शेकडो स्पेस देऊन, पडद्याच्या उजवीकडे पार बाहेर, खरा कोड लिहिलेला असतो. डोळ्यांना वीस ओळी दिसतात, फाइलचा आकार बघितला तर तीस-चाळीस केबी. हा विसंगत आकडाच पुष्कळदा चोर पकडून देतो.

चालवायचंच असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या संगणकात. त्यात शेअर्ड फोल्डर नको, क्लिपबोर्डची देवाणघेवाण नको, ब्राउझरमध्ये लॉगिन नको. काम झालं की आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जायचं. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल असंच बंदिस्त आहे, असा एक गोड गैरसमज आहे. तिथून तुमची अख्खी सी ड्राइव्ह दिसते. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) होम फोल्डर जोडून दिलं, तर तीच गत.

आता व्हर्जन कंट्रोल, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं गिटसारखं साधन, कुठलं घ्यायचं हा प्रश्न. तो फक्त सोयीचा नाही, या सगळ्याशी त्याचा थेट संबंध आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मागचं दार घुसवण्याचा प्रयत्न झाला. मुख्य कोड तेव्हा बिटकीपर या व्हर्जन कंट्रोलमध्ये होता, आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी सीव्हीएस या दुसऱ्या साधनामध्ये त्याची नक्कल ठेवलेली होती. कुणीतरी त्या नकलेच्या सर्व्हरमध्ये शिरून दोन ओळी घातल्या. एका अटीत 'यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) शून्य आहे का' असं विचारायचं भासवून, दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच लिहिलं होतं. एका चिन्हाने तुलनेचं नेमणुकीत रूपांतर झालं. ती ओळ गाठणारा प्रोग्रॅम थेट रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला वापरकर्ता, झाला असता. हे लक्षात आलं, कारण त्या बदलाची बिटकीपरमध्ये नोंदच नव्हती. दोन वह्या ताडून पाहिल्या आणि एक जास्तीची नोंद सापडली.

म्हणजे व्हर्जन कंट्रोल ही रोजकीर्द आहे. कोणी, कधी, काय लिहिलं ते ती सांगते. लिहिणारा सज्जन आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाचं २०२४ सालचं प्रकरण हेच दाखवतं. 'जिया तान' या नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षं रीतसर कामं करून देखभालकर्त्याचा हक्क मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं. त्याचा एक भाग चाचणीच्या बायनरी फाइली म्हणून गिटमध्ये उघड पडलेला होता, आणि त्याला जिवंत करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरण्याची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरनी पुरवला, म्हणून ते उघडकीला आलं.

निवडीचं थोडक्यात सांगायचं तर, काहीच ठाम कारण नसेल तर गिट घ्या. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लायनस टोरव्हाल्ड्स यांनी ते लिहायला घेतलं, बिटकीपरची मोफत परवानगी गेल्यावर. आज नोकरीच्या जाहिरातीत दुसरं काही क्वचित दिसतं. मर्क्युरियल हे दुसरं साधन त्याच महिन्यातलं आणि वापरायला जास्त सरळ, पण रेपॉझिटरी ठेवायला जागा देणाऱ्या बिटबकेटने २०२० मध्ये त्याचा आधार काढला. नव्या माणसाने त्यावर सुरुवात करू नये.

ठाम कारणं कोणती? एक, मोठ्या बायनरी फाइली. गिटच्या प्रत्येक क्लोनमध्ये सगळा इतिहास येतो. २०० एमबीची फोटोशॉप फाइल तीस वेळा बदलली, तर अशा फाइली फारशा दाबल्या जात नसल्याने रेपॉझिटरी सहा जीबीच्या घरात जाऊ शकते. अशीच जागा देणारी गिटहब ही सेवा तर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. मोठ्या फाइली वेगळ्या ठेवणाऱ्या गिट एलएफएसने हे बरंचसं निभावतं, पण दोघांनी एकाच वेळी थ्रीडी मॉडेल बदललं तर ते मर्ज होत नाही, म्हणजे दोन्ही बदल एकत्र करता येत नाहीत, एकाचं काम फेकावं लागतं. तिथे कुलूप लागतं. सबव्हर्जन या एका मध्यवर्ती सर्व्हरवर चालणाऱ्या साधनात फाइलवर 'नीड्स-लॉक' लावलं की कुलूप घेईपर्यंत ती वाचण्यापुरतीच उघडते. गेम बनवणाऱ्यांकडे याच कारणासाठी परफोर्स हे साधन दिसतं, आणि पाच जणांपर्यंत ते मोफत आहे.

दुसरं कारण परवानगीचं. सबव्हर्जनमध्ये फोल्डरनिहाय परवाने देता येतात. बाहेरच्या कंत्राटदाराला फक्त 'डिझाइन' दिसावं, 'पेमेंट' नाही, असं करता येतं. गिटमध्ये ज्याच्या हाती क्लोन त्याच्या हाती सगळं. त्यामुळे गिट घेताना रेपॉझिटरीचे तुकडे कुठे पाडायचे, ते पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं.

याच 'सगळ्यांकडे सगळं' गुणाची दुसरी बाजू मे २०१९ मध्ये दिसली. गिटहब, गिटलॅब आणि बिटबकेटवरच्या शेकडो रेपॉझिटरी कुणीतरी पुसल्या आणि ०.१ बिटकॉइन खंडणी मागणारी चिठ्ठी मागे ठेवली. आत शिरायला वापरलेले पासवर्ड चोरीचेच होते. काही तर वेबसाइटवर चुकून उघड्या राहिलेल्या डॉट-गिट फोल्डरच्या कॉन्फिगमधून घेतलेले. ज्यांच्या लॅपटॉपवर पूर्ण क्लोन होता त्यांनी फोर्स पुश करून, म्हणजे सर्व्हरवरच्या इतिहासावर आपली प्रत जबरदस्तीने चढवून, सगळं परत आणलं. सबव्हर्जनमध्ये इतिहास फक्त सर्व्हरवर असतो. तिथे हॉटकॉपी किंवा डंपचा बॅकअप रोज निघतो का, आणि तो परत भरून कुणी पाहिलाय का, हे विचारल्याशिवाय सबव्हर्जन निवडू नये.

गिट घेतलंत तर काही गोष्टी पहिल्या तासात करायच्या. एसएसएच किल्ली ईडी२५५१९ प्रकारची, आणि तिला पासफ्रेज हवाच. तो नसला तर फाइल चोरली की किल्ली गेली. टोकन (पासवर्डऐवजी द्यायचा गुप्त कोड) वापरत असाल तर एकाच रेपॉझिटरीपुरतं आणि तीस दिवसांत संपणारं. मुख्य ब्रँचवर फोर्स पुश बंद, आणि दुसऱ्याने पाहिल्याशिवाय मर्ज नाही. कमिटवर सही. गिटमध्ये लेखकाचं नाव म्हणजे तुम्ही कॉन्फिगमध्ये जे टाइप कराल ते. मार्च २०२१ मध्ये पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर तिचे जनक रास्मुस लेरडॉर्फ आणि तिचे डेव्हलपर निकिता पोपोव्ह यांच्या नावावर मागचं दार असलेले कमिट पडले होते. दोघांनीही ते केलेले नव्हते.

टॅगवरही आंधळा विश्वास नको. टॅग म्हणजे एखाद्या कमिटला दिलेलं आवृत्तीचं नाव, आणि ती हलवता येणारी चिठ्ठी आहे. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स' या गिटहब ॲक्शनचे (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या तयार पायरीचे) जुने टॅग उचलून वाईट कमिटवर चिकटवले गेले, आणि ते वापरणाऱ्यांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. ज्यांनी टॅगऐवजी चाळीस अक्षरांचा पूर्ण कमिट हॅश (कमिटचा ओळखक्रमांक) लिहिला होता त्यांना ती हलवाहलवी बाधली नाही. तसंच पॅकेजचं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक' आणि 'डीबग' ही एनपीएमवरची प्रचंड वापरली जाणारी पॅकेजं, देखभालकर्त्याला खोटा ईमेल पाठवून, विषारी केली गेली. त्या आवृत्त्या काही तासांतच काढल्या. नवी आवृत्ती आठवडाभर जुनी होऊ देऊन मगच घेणाऱ्याला त्यांचा वाराही लागला नसता.

एपीआय किल्ली (एखादी सेवा वापरायचा गुप्त कोड) चुकून कमिट झाली, तर नवखे हमखास एक चूक करतात: फाइल काढून नवा कमिट करतात. जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते, 'गिट लॉग -पी' दिलं की समोर. गिटइग्नोअरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नंतर नाव घालूनही उपयोग नाही, कारण आधीपासून नोंद असलेल्या फाइलीला ते लागू होत नाही. 'गिट आरएम --कॅश्ड' द्यावं लागतं. क्रम असा ठेवा: आधी सेवेच्या पानावर जाऊन ती किल्ली रद्द करा, मग वापराच्या नोंदी तपासा, आणि सर्वांत शेवटी 'गिट फिल्टर-रेपो'ने इतिहास धुवा. सार्वजनिक रेपॉझिटरीवर किल्ल्या शोधणारे बॉट सतत फिरत असतात, तुम्ही इतिहास धूत बसेपर्यंत ते थांबत नाहीत.

आणि क्रॅक केलेला आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर. हॉस्टेलच्या पेन ड्राइव्हमधला 'ॲक्टिव्हेटर' हा माहिती-चोर मालवेअरचा आवडता वेश आहे. तो ब्राउझरमधल्या कुकी नेतो. कुकी म्हणजे झालेलं लॉगिन, त्यामुळे दोन-टप्पी पडताळणी चालू असली तरी ती पुन्हा विचारली जात नाही. विद्यार्थ्यांना आयडीई बनवणाऱ्या जेटब्रेन्सची साधनं फुकट मिळतात, त्यात ही जोखीम घेण्यासारखं काहीच नाही.

मशीन बाधलंय असा संशय आला, तर नेट तोडा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. आधी सुरक्षा टीमला फोन. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपनीला अशी घटना सहा तासांत कळवावी लागते, म्हणून लाजेखातर संध्याकाळपर्यंत गप्प बसणं महागात पडतं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर. स्वतःचं मशीन असेल तर दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी सगळी सेशन बंद करा, टोकन आणि एसएसएच किल्ल्या रद्द करा, मग पासवर्ड बदला. उलट क्रमाने केलं तर चोराचं चालू सेशन काही ठिकाणी तसंच राहतं. त्यानंतर रेपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये डिप्लॉय की, वेबहुक आणि परवानगी दिलेली ॲप्स बघा, आपण न घातलेलं काही आहे का. मग ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका आणि रेपॉझिटरी सर्व्हरवरून ताजी क्लोन करा. पुश न झालेलं काम जुन्या डिस्कवरून आणायचं असेल तर फक्त तुम्ही लिहिलेल्या सोर्स फाइली, एकेक डिफ वाचून. नोड-मॉड्यूल्स, डॉट-व्हीएसकोड आणि डॉट-गिटमधले हुक तिथेच राहू द्या.