उभ्या उभ्या बाइक आडवी झाली? खर्च वाढायच्या आत हे बघून घ्या

गाडी पळताना पडली तर लोक समजून घेतात, पण यू टर्न मारताना, पार्किंगमधून काढताना किंवा साइड स्टँड मऊ मातीत रुतून गाडी आडवी झाली की सगळे म्हणतात काय झालं एवढं, जरासं खरचटलंय. आणि मग बिल हातात आलं की डोळे पांढरे होतात. स्पीड शून्य असला तरी गाडीचा हँडल जमिनीपासून मीटरभर उंच असतो, आणि मीटरभर उंचीवरून सुटलेली वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. वर दीडशे-दोनशे किलोचं धूड आणि ते टेकतं कशावर तर हँडलचं टोक, लिव्हर, फुटरेस्ट आणि इंजिनचं एखादं कव्हर, बस. सगळा दणका या तीनचार जागांनाच.

म्हणून माझा एकच नियम आहे. ओरखडा कुठे पडलाय ते बघून थांबायचं नाही, तो पार्ट आत कशाला जोडलाय तिथपर्यंत जायचं. ओरखडे स्वस्तात जातात हो, पैसे खाते ती त्याच्यामागची गोष्ट.

आधी पहिली पाच मिनिटं. लाजेपोटी आपण ताडकन उठून गाडी उचलायला धावतो, तिथेच कंबर जाते. आधी इंजिन बंद करा, हँडलवरच्या लाल बटणाने, मग चावी. पेट्रोल सांडतंय का बघा, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांतून आडवी असताना बऱ्यापैकी गळतं, तेव्हा आसपास कोणी सिगरेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा. मग दोनतीन फोटो काढा, गाडी पडलेली असतानाच. इन्शुरन्सला तर लागतातच, पण नक्की काय काय जमिनीला टेकलंय ते या फोटोत जितकं स्वच्छ दिसतं तितकं नंतर दिसत नाही.

उचलताना, गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा आणि गिअरमध्ये टाका, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे लवंडणार नाही आणि घरंगळणारही नाही. डावीकडे पडली असेल तर स्टँड खालीच अडकलेला असतो, तेव्हा उभी करताना जोर जास्त लावू नका नाहीतर दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे एका पडण्यात दोन्ही बाजूंचा खर्च (हसू नका, हे भरपूर वेळा होतं). हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून खाली बसा, एका हाताने हँडल दुसऱ्याने मागचा ग्रॅब रेल किंवा चेसिसचा पाइप धरा, आणि पाठ सरळ ठेवून छोट्या छोट्या पावलांनी मागे मागे सरका. जोर पायांचा, कमरेचा नाही. कोणी मदतीला असेल तर काहीही मोठेपणा न करता हाक मारा.

उभी झाली की लगेच सेल्फ मारू नका. आडवी असताना इंजिन ऑइल एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) आणि कधी सिलिंडरमध्ये जातं. थोडा वेळ, दहापंधरा मिनिटं, सरळ उभी राहू द्या, ऑइल लेव्हल बघा, मग चालू करा, पहिल्यांदा निळसर पांढरा धूर आला आणि थोड्या वेळात थांबला तर घाबरायचं काही नाही. पण गाडी बराच वेळ आडवी होती आणि सेल्फ मारल्यावर इंजिन टक्क करून अडकतंय, फिरतच नाहीये, तर परत परत सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पेट्रोल साठलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा. स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवलं की साठलेलं बाहेर येतं, आणि हजारदा सेल्फ मारण्यापेक्षा ते काम फार स्वस्त आहे. उलट सेल्फ फिरतोय पण गाडी चालू होत नाहीये, तर बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांना कलल्याचा सेन्सर असतो, तो पंप बंद करून टाकतो. चावी पूर्ण बंद करून परत चालू करा, बऱ्याचदा काम तिथेच होतं. टो करून नेण्याआधी एवढं करून बघाच.

आता बाहेरून आत. हँडलच्या टोकापासून सुरू करा. थ्रॉटल पूर्ण पिळून सोडा, टक्कन मागे आला पाहिजे, हँडल सरळ असताना पण आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पण. टोकावरचं वजन आत दाबलं गेलं की ग्रिप अडकते आणि अडकलेला थ्रॉटल घेऊन रस्त्यावर जाणं म्हणजे दुसऱ्या पडण्याची तयारी, यात तडजोड नाही. मग लिव्हर. पुष्कळ लिव्हरांना टोकाकडे मुद्दाम खाच ठेवलेली असते, तिथून तुटलं तर उरलेल्यावर दोन बोटं बसतात आणि घरी जाता येतं. वाकलेला लिव्हर जागेवरच ओढून सरळ करायचा मोह आवरा, ॲल्युमिनियम परत वाकवलं की चिरतं आणि ब्रेकचा लिव्हर ऐन वेळी हातात येतो. नवा लिव्हर टाकताना पुढच्या ब्रेकला थोडी ढिलाई राहिली पाहिजे, नाहीतर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि डिस्क तापते. दाबल्यावर लिव्हर स्पंजासारखा लागला तर लाइनमध्ये हवा गेलीय, ब्लीड करून (म्हणजे ती हवा काढून) घ्या, त्याशिवाय निघू नका.

गिअर लिव्हर हा सगळ्यात फसवा पार्ट आहे. स्वतः स्वस्त, पण तो बसलाय गिअरच्या शाफ्टवर, आणि तो शाफ्ट वाकला तर काही इंजिनांत तो बदलायला इंजिन उघडावं लागतं. त्यामुळे लिव्हर वाकला असेल तर शाफ्टवर असतानाच पाइप घालून ओढू नका, आधी काढा, बाहेर व्हाइसमध्ये सरळ करा नाहीतर सरळ नवा घ्या. लिव्हर काढल्यावर शाफ्ट हाताने फिरवून बघा, सरळ फिरतोय का आणि सीलजवळ ऑइल आलंय का. दोन मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक गॅरेजवाले ते करत नाहीत.

क्रॅश गार्ड वाकलाय म्हणजे त्याने काम केलं, पण तो ज्या बोल्टवर आहे ते बोल्ट बघा. बऱ्याचदा तेच बोल्ट इंजिन धरून ठेवतात. गार्ड चांगला असला पण चेसिसचं कान, म्हणजे बोल्ट बसायची भोकाची पट्टी, वाकलं तर गार्ड लावून फायदा काय. तसंच हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतो तो चेसिसवरचा छोटा ठोकळा, स्टॉपर म्हणतात त्याला, तो चिरलाय का बघा. काही ॲल्युमिनियम चेसिसच्या गाड्यांत तो चेसिसचाच भाग असतो, वेगळा मिळत नाही, आणि एवढ्याशा तुकड्यामुळे अख्ख्या चेसिसची भाषा सुरू होते. तिथपर्यंत दणका गेला असेल तर टाकीला पण हँडलचा पोचा आलेला असतो.

आता माझा आवडता विषय, वाकडा हँडल. चाक सरळ आणि हँडल डावीकडे बघतोय, हे दिसलं की पहिलं वाक्य येतं "फोर्क बेंड आहे, टी पण गेली." फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, टी म्हणजे त्या नळ्या वर आणि खाली धरणारे तुकडे. माझ्या गाडीला एकाने दोन्ही फोर्क, टी आणि कोन सेट (हँडल ज्यावर वळतो ते बेअरिंग) एवढं लिहून दिलं होतं, शेवटी लागला फक्त अर्धा तास आणि एक पाना. कारण बहुतेक वेळा काही वाकलेलंच नसतं, फोर्क टी मध्ये फक्त पिळले गेलेले असतात. करायचं असं: पुढच्या ॲक्सलचा नट, मडगार्डचे बोल्ट, खालच्या टीचे बोल्ट आणि वरचा मधला मोठा नट थोडे सैल करा. वरच्या टीत फोर्क धरणारे बोल्ट घट्टच राहू द्या, नाहीतर फोर्क वर सरकतो. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल झटका देऊन सरळ करा, पुढचा ब्रेक धरून फोर्क चारपाच वेळा दाबा, आणि सगळं मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. मधला नट आवळल्यावर हँडल दोन्हीकडे सहज वळतोय ना ते बघा. तपासायला काचेचा सपाट तुकडा दोन्ही फोर्कच्या नळ्यांवर आडवा धरा, काच हलली तर अजून पीळ आहे किंवा खरंच बेंड आहे. बेंड असेल तर तो बहुतेक खालच्या टीच्या लगेच खाली असतो, नळी काढून काचेवर लोळवली की कळतं. हँडलबार मात्र वाकला असेल तर सरळ करून वापरू नका, बदलाच.

इंजिन कव्हर. डावीकडे बहुतेक गाड्यांत मॅग्नेटचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं), उजवीकडे क्लचचं. नुसतं घासलं असेल तर राहू द्या, पण बारीक चीर असेल तर गरम झाल्यावर तिथून ऑइल झिरपतं आणि ते मागच्या टायरवर गेलं की झालं. घरी पोचण्यापुरतं किंवा पार्ट येईपर्यंत दोन ट्यूबवाली मेटल एपॉक्सी चालते, फक्त ऑइल पूर्ण पुसून, पॉलिश पेपरने खरखरीत करून लावा आणि पाकिटावर दिलाय तेवढा वेळ सुकू द्या. नवं कव्हर टाकताना गास्केट (मधला सील करणारा पातळ थर) नवंच. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी खोचत जा, लांब बोल्ट आखूड भोकात पिळला की केसिंगचे आटे जातात. हे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला आवळतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. मॅग्नेटचं कव्हर बसवताना चुंबक ते खसकन ओढून घेतं, बोटं सांभाळा.

फेअरिंग (बाहेरची प्लास्टिकची पॅनेलं) आणि हेडलाइटमध्ये पैसे जातात ते कानांमुळे, एक प्लास्टिकचं कान तुटलं की अख्खी असेंब्ली सांगतात. पॅनेलच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. एबीएस (ब्रेकवालं नाही, हे प्लास्टिकचं नाव) असेल तर त्याच प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून पेस्ट करा आणि कान जोडा, छान पकडतं. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) असेल तर ॲसिटोनचा उपयोग शून्य, त्याला गरम सोल्डरिंगने आणि आतून स्टीलची बारीक जाळी घालून जोडावं लागतं. तुटलेले तुकडे रस्त्यावरून वेचून आणा बरं का, तिथेच टाकून येतात लोक.

क्लेम करायचा असेल तर आधी हिशोब करा. तुमच्या खिशातून जाणारा ठरलेला भाग अधिक क्लेम न केल्याबद्दल मिळणारं पुढच्या वर्षीचं गेलेलं डिस्काउंट, हे बिलाच्या जवळपास येत असेल तर क्लेमचा त्रास कशाला. आणि एस्टिमेट नुसतं बाहेरून बघून घेऊ नका, पॅनेल उघडून मगच लिहायला सांगा, नाहीतर आतलं काहीतरी नंतर निघतं आणि मंजुरीसाठी परत वाट बघा. बदललेले जुने पार्ट मागून घ्या. "बदलला" आणि "पुसून बसवला" यात फरक असतो.

शेवटचं, घरी आल्यावर रात्री गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी इंजिनखाली तपकिरी काळा डाग असेल तर कव्हर किंवा सील, हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग असेल तर रेडिएटर किंवा त्याचा पाइप, पुढच्या चाकाजवळ फिकट पिवळसर दिसलं तर ब्रेक फ्लुइड, ते रंग खातं म्हणून लगेच पाण्याने धुवा आणि लाइन तपासल्याशिवाय गाडी काढू नका. पुठ्ठा कोरडा असेल तर ओरखड्यांचं काय करायचं ते निवांत ठरवा, मी तर माझे तसेच ठेवलेत.