मराठवाड्यातून मालदीवला : बोटीवर मुक्काम करून डायव्हिंग करायचे असेल तर

तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली जाऊन आलेल्या अनेकांना मालदीवच्या 'लिव्हअबोर्ड'चे वेध लागतात. या सफरीत प्रवासी सहसा आठवडाभर बोटीवरच राहतात आणि दिवसाला तीन-तीन डाइव्ह करतात. मात्र तारकर्लीच्या त्या हौशी डाइव्हमुळे कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय अशा बोटीवर सहसा डायव्हिंग करता येत नाही. त्यामुळे सुरुवात 'ओपन वॉटर' या अभ्यासक्रमापासून करावी. त्याने 18 मीटरपर्यंत जाण्याची पात्रता येते. पुढच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' अभ्यासक्रमाने ही मर्यादा 30 मीटर होते, आणि मालदीवच्या नियमांनुसार हौशी डायव्हरसाठी तीच कमाल खोली आहे. बेटांमधल्या खाड्यांत प्रवाह जोरदार असल्याने अनेक बोटी 'अ‍ॅडव्हान्स्ड'बरोबरच ठरावीक संख्येच्या डाइव्हची नोंदही मागतात. ती अट पळवाट काढून टाळण्यापेक्षा आधी अंदमानात किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर सराव वाढवणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडे बहुतेकांनी पोहणे विहिरीत शिकलेले असते. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून सुरुवात करायची, आणि पुढे काठावरून सूर मारून, श्वास कोंडून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचे. अभ्यासक्रमात न थांबता 200 मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे अपेक्षित असते. विहिरीत तयार झालेल्या माणसाला हे जड जात नाही, पाण्याची भीतीही उरलेली नसते. श्वास कोंडण्याची सवय मात्र पूर्णपणे मोडावी लागते. विहिरीत बुडी मारणारा काठावरची हवा छातीत घेऊन खाली जातो. ती खाली दाबली जाते आणि वर येताना फार तर मूळ आकारमानाला येते. स्कूबामध्ये हवा खाली असतानाच सिलिंडरमधून घेतली जाते. समुद्रात 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे छाती भरून श्वास घेतला आणि तो कोंडून वर आले, तर तीच हवा दुप्पट जागा मागते व फुप्फुस फाटू शकते. अशी इजा अगदी एक-दोन मीटरच्या चढणीतही होऊ शकते. म्हणून श्वास अखंड चालू ठेवावा, आणि कवायतीत तोंडातून रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारे उपकरण) काढला असेल तेव्हाही बारीक बुडबुडे सोडत राहावे. कानांचा दाब पहिल्या मीटरपासून, दुखू लागण्यापूर्वीच समान करावा. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये.

हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल हा निवडावा. बोट ठरवताना छायाचित्रांतला जकुझी पाहण्याऐवजी काही नीरस प्रश्न विचारावेत: बोटीवर वैद्यकीय ऑक्सिजन आहे का, झोपण्याच्या मजल्यावरून बाहेर पडायला दोन वेगळे मार्ग आहेत का, आणि रात्रभर कोणी जागे पहाऱ्यावर असते का? 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागून 34 जणांचा मृत्यू झाला, आणि रात्रपाळीचा पहारा नव्हता हे तपासात पुढे आले. कॅमेरा व टॉर्चच्या बॅटऱ्या केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये, ही काळजी मात्र आपल्याच हातात असते.

कपडे फार लागत नाहीत. सामान मऊ, घडी होणाऱ्या पिशवीत भरावे. लिथियम बॅटऱ्या विमानात स्वतःजवळच्या पिशवीत ठेवाव्या लागतात. भारतीयांना मालदीवमध्ये पोहोचल्यावर मोफत व्हिसा मिळतो, पण प्रवासापूर्वीच्या 96 तासांत ऑनलाइन घोषणापत्र भरावे लागते. बोट लागण्याची गोळी घरी एकदा घेऊन पाहावी, कारण काहींना तिने गुंगी येते. शाकाहारी जेवण आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. ऐन समुद्रात भेंडी मिळत नसते.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागते. प्रत्येक डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन पुढच्या डाइव्हपर्यंत पूर्ण बाहेर पडत नाही. तो साचत जातो, आणि वेगाने वर आल्यास त्याचे शरीरात बुडबुडे होऊन इजा होऊ शकते. म्हणून डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेवरून नायट्रोजनचा हिशेब ठेवणारे छोटे यंत्र) स्वतःचा असावा. जोडीदाराचा हिशेब वेगळा असतो, त्यामुळे दोघांत एक चालत नाही. दिवसाची सर्वांत खोल डाइव्ह सकाळी करावी, मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे. 'नायट्रॉक्स'चा छोटा अभ्यासक्रम केल्यास 32 टक्के ऑक्सिजनचे मिश्रण वापरता येते व नायट्रोजनचा भार घटतो. या एका गोष्टीवर खर्च जरूर करावा. पाणी भरपूर प्यावे. एकादशी आली तर निर्जळी करू नये. साबुदाण्याची खिचडी बरोबर नेता येते. सांधे दुखणे, मुंग्या येणे किंवा असाधारण थकवा जाणवल्यास 'दमलो असेन' म्हणून झोपून न जाता डाइव्ह गाइडला तत्काळ सांगावे. अशा वेळी ऑक्सिजन आणि गरजेनुसार दाब-कक्षातील उपचार लागतात. हे उपचार महाग असतात आणि साध्या प्रवास विम्यात अनेकदा बसत नाहीत, म्हणून 'डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क'सारख्या संस्थेचा खास विमा घ्यावा. दमा, हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर पैसे भरण्यापूर्वीच डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे.

उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, म्हणून अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास थांबावे, 24 तास थांबणे अधिक चांगले. मालेहून मुंबईचे तिकीट तसेच काढावे. सरावाच्या काळात कोकणातून परतणाऱ्यांनीही हा हिशेब धरावा. सकाळी तारकर्लीत डाइव्ह करून दुपारीच लातूर-नांदेडकडे निघणारी गाडी आंबोलीमार्गे गेली, तर सुमारे 690 मीटर उंची गाठते, आणि 600 मीटरपासून पुढे विमानाचेच नियम लागू होतात. त्यामुळे शेवटच्या डाइव्हनंतर मालवणात एक मुक्काम ठेवून दुसऱ्या दिवशी घाट चढावा.