दुःखाच्या घरी प्रकटीकरण २१ कसं वाचावं

घरातलं माणूस गेलं की संध्याकाळच्या प्रार्थनेत कुणीतरी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, २१वा अध्याय काढतंच. वाचन होतं, आमेन होतं, चहा येतो, आणि घरच्यांच्या लक्षात राहतात ते फक्त सोन्याचे रस्ते. दवाखान्याचं बिल अजून फिटलेलं नाही अशा घराला त्या सोन्याचा आधार दोन दिवसही पुरत नाही. चूक अध्यायाची नाही, वाचण्याची आहे. खालची पद्धत घरगुती प्रार्थनेसाठी आहे. शरणपूर असो की नाशिकरोड, मंडळी (चर्च) कुठलीही असली तरी चालते. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं धरा, आणि अशा चार-पाच बैठका करा.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवा. मराठीत ‘स्वर्ग’ म्हटलं की डोळ्यांसमोर इंद्रसभा येते, पुण्य संपलं की परत खाली पाठवणारी जागा येते. हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाचं चित्र निराळं आहे. २१:१ मध्ये ‘नवे आकाश’ आणि २१:२ मध्ये ‘स्वर्गातून’, दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द एकच. आणि नव्या यरुशलेम नगरीकडे माणसं वर जात नाहीत, नगरीच खाली उतरते. पंख फुटलेली माणसं, ढगावर बसलेले आजोबा, वेशीवर वही घेऊन उभा असलेला पेत्र, यातलं काहीच या अध्यायात नाही. वेशींवर देवदूत आहेत आणि इस्राएलाच्या १२ वंशांची नावं आहेत.

पहिल्या बैठकीला २१:१-७ आणि २१:२२ ते २२:५ एवढंच वाचा. मधली रत्नांची यादी सोडली तरी बिघडत नाही. वाचन दोनदा, मोठ्याने, दोन वेगळ्या माणसांनी. दुसऱ्या वेळी प्रत्येकाच्या हातात पेन्सिल द्या आणि एकच काम सांगा: तिथे काय काय नाही, त्याखाली रेघ मारा. समुद्र नाही, मरण नाही, शोक, रडणं, कष्ट नाहीत. मंदिर नाही. सूर्य-चंद्राची गरज नाही, वेशी बंद होत नाहीत, रात्र नाही, शाप नाही. ही यादी वहीत उतरवा आणि घरच्यांना विचारा, ‘यातलं तुमच्याकडचं कुठलं?’ रात्र-रात्र ऑक्सिजनच्या नळीकडे बघत बसलेली सून बहुधा ‘रात्र’ म्हणेल. तिला तेवढंच द्या. बाकीची यादी त्या दिवशी समजावत बसू नका. एका माणसाला एका वेळी एकच चित्र पेलतं.

समुद्रापाशी हमखास गाडी अडते. ‘समुद्र का नाही? किती छान असतो!’ आपण सुटीत पाहिलेला समुद्र इथे उपयोगाचा नाही. इब्री माणसाला समुद्र म्हणजे गिळून टाकणारं, ताब्यात न येणारं पाणी, आणि योहान तर पात्म बेटावर होता, चहूबाजूंनी त्याच पाण्याने अडवलेला. नाशिककराने समुद्राऐवजी गोदावरीचा पूर आठवावा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढल्याची बातमी आली की सराफ बाजारातले दुकानदार सामान वर हलवू लागतात. ती जी भीती, ती तिथे नाही, असं वाचलं की वाक्य लागतं.

तोच मारुती दुसऱ्या बैठकीलाही कामाला येतो. यहेज्केल ४७ काढा. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघतं. मापणारा माणूस हजार-हजार हात मोजत जातो आणि पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत येतं. शेवटी पोहल्याशिवाय पार होता येत नाही अशी नदी होते. मूर्तीच्या अंगावरून पाणी मोजणाऱ्या गावाला हे माप समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच सांगा, की इथे पाणी चढतं तसं जीवन वाढतं: मृत समुद्राचं पाणी गोडं होतं, कोळी जाळी वाळत घालतात, दोन्ही तीरांवर झाडं उभी राहतात. मग परत प्रकटीकरण २२:१-२ वाचा. तीच नदी, पण आता ती राजासनापासून निघते, कारण मंदिर उरलेलं नाही.

जीवनाच्या झाडाला दर महिन्याला फळ येतं, हे वाक्य लोक झपकन वाचून पुढे जातात. निफाड-दिंडोरीकडचं कुटुंब असेल तर इथे थांबा. द्राक्षाला एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि एवढं करून पीक वर्षातून एकदा; त्यातही अवकाळी आणि गारपीट. सोबत यशया ६५:२१-२२ जोडा: घरं बांधतील ते त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील ते त्यांचं फळ खातील, एकाने लावायचं आणि दुसऱ्याने खायचं असं होणार नाही. व्यापाऱ्याने पैसे बुडवलेल्या शेतकऱ्याला या दोन वचनांवर वेगळं प्रवचन लागत नाही. कर्त्या माणसाचे कष्ट अर्धवट राहिले ही खंत असलेल्या घरात मोत्यांच्या वेशींपेक्षा हाच उतारा आधी घ्यावा.

तिसऱ्या बैठकीला २१:२-३. नटलेली नवरी आणि देवाचा मंडप, दोन्ही लागोपाठ. मराठी कानाला लगेच लग्नघर दिसतं. दिसू द्या, पण हेही सांगा की हा मंडप मुळात रानातला निवासमंडप आहे, इस्राएल लोक चालतील तिकडे त्यांच्याबरोबर हलणारा.

मापांबद्दल थोडक्यात. नगरीची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२,००० स्टेडियम (लांबीचं जुनं ग्रीक माप), म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. नकाशावर बसवायला जाऊ नका. तिन्ही मापं सारखी आहेत, हे महत्त्वाचं. शलमोनाच्या मंदिरातली सगळ्यात आतली खोली, परमपवित्रस्थान, तीही अशीच होती, २० हात लांब, रुंद आणि उंच. तिथे वर्षातून एकदा एकटा महायाजक जाई. आता अख्खी नगरीच ती खोली झाली आहे. मंदिर का नाही, याचं उत्तर इथेच आहे.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, ‘रडू नका, ते प्रभूच्या घरी गेले’ असं म्हणून हा अध्याय बूच लावल्यासारखा वापरणं. अश्रू पुसले जातील असं वचन आहे, म्हणजे अश्रू आहेत हे आधी मान्य केलेलं आहे. आपला मित्र लाजर वारला तेव्हा येशू स्वतः रडला. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ देखील शोक करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतं. दुसरं, त्या नगरीत कुणाला जागा नाही हे सांगणारी २१:८ आणि २१:२७ ही वचनं. ती कठोर आहेत आणि लपवायची नाहीत, पण गेलेल्या माणसाचा हिशेब त्याच्याच ओसरीवर मांडायचा नसतो. कुणी विषय काढलाच तर पाळकांकडे किंवा फादरांकडे सोपवा आणि पुढचं वचन वाचा.

मुलं मात्र एक प्रश्न विचारतातच: ‘आजोबा मला ओळखतील का?’ तर्क लढवू नका, योहान २०:११-१६ वाचून दाखवा. येशू मेलेल्यांतून उठल्यावर कबरेपाशी मग्दालीया मरीयेला समोर उभा असलेला तो माळी वाटला. तिने ओळखलं ते त्याने नावाने हाक मारल्यावर.