व्हीपीएसवर कुठली ओएस टाकायची, ड्रॉपडाउनवर क्लिक करायच्या आधी वाचा

व्हीपीएस (भाड्याने मिळणारा व्हर्च्युअल सर्व्हर) घेताना लोक रॅम बघतात, किंमत बघतात, डेटासेंटर मुंबईत आहे का बंगलोरला ते पण बघतात, आणि मग ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) निवडायचा ड्रॉपडाउन आला की जे वर दिसेल किंवा ज्या व्हिडिओवरून शिकतोय त्यात जे असेल ते क्लिक करून मोकळे होतात. रॅम नंतर व्हीपीएसवाल्याच्या साइटवरून वाढवता येते हो, पण ओएस बदलायची म्हणजे बहुतेक वेळा डिस्क पुसून सगळं परत पहिल्यापासून बसवायचं, त्यामुळे डोकं लावायचंच असेल तर इथे लावा.

सगळ्यात आधी त्या सर्व्हरवर काय काय चालणार आहे ते लिहून काढा. वर्डप्रेस, नोडचं अ‍ॅप, मेल सर्व्हर, टॅली, जे असेल ते. मग त्यातल्या प्रत्येकाच्या अधिकृत साइटवर जाऊन कुठल्या ओएसची कुठली आवृत्ती चालते ते बघा, आणि पॅनल (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर, जसं सीपॅनल, हेस्टिया, प्लेस्क) वापरणार असाल तर हे नक्कीच बघा. सीपॅनल डेबियनवर बसतच नाही, त्याला अल्मालिनक्स, रॉकी, क्लाउडलिनक्स किंवा उबंटू लागतं (ही सगळी, डेबियनसकट, लिनक्सचीच वेगवेगळी रूपं). हेस्टियाचं उलटं आहे, ते फक्त डेबियन आणि उबंटूवर. प्लेस्क लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर चालतं. म्हणजे पॅनल ठरलं की निम्मा निर्णय तिथेच झाला, उरलेल्या ओएसबद्दल वाचत बसायची पण गरज नाही.

विंडोजचं आधी उरकून घेऊ. टॅली किंवा तसलंच फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर असेल, किंवा जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर लिहिलेली साइट असेल, तरच विंडोज सर्व्हर घ्या, कारण लायसन्सचे पैसे दर महिन्याच्या बिलात येतात आणि डेस्कटॉपसकट आरामात चालायला ४ जीबी रॅम तरी हवी. नवीन डॉटनेट लिनक्सवर व्यवस्थित चालतं, त्यासाठी विंडोज नको. टॅलीसाठी घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच विचारा: विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची (आपल्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरची स्क्रीन वापरायची) एका वेळी दोनच सेशन मिळतात आणि ती पण सर्व्हरच्या देखभालीसाठी असतात, ऑफिसातले पाच जण एकदम बसून एंट्री करणार असतील तर माणशी वेगळं आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) लायसन्स लागतं, ते कोटेशनमध्ये धरलंय का ते बघा. आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, रॅन्समवेअरवाले (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे) त्याच दारातून येतात. ऑफिसच्या आयपीपुरता उघडा किंवा व्हीपीएनच्या मागे टाका.

आता लिनक्स. इथे माझ्या मते पहिला प्रश्न एकच, सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत मिळणार. वेग, दिसणं, लोकप्रियता हे सगळं त्याच्या नंतर. सर्व्हर चोवीस तास नेटवर उघडा असतो, अपडेट बंद झालेल्या ओएसमध्ये नवं भोक सापडलं की ते बुजवायला कोणी येत नाही. आणि ड्रॉपडाउनच्या यादीत एखादं नाव दिसतंय म्हणजे ते अजून जिवंत आहे असं धरू नका, सेंटओएस नावाच्या लिनक्सच्या ७ व्या आवृत्तीचे अपडेट ३० जून २०२४ ला संपले तरी बऱ्याच स्वस्त व्हीपीएसवाल्यांच्या यादीत ते नंतरही निवांत पडून होतं.

सेंटओएसचं (रेड हॅट कंपनीच्या विकतच्या लिनक्सची फुकट आवृत्ती) काय झालं ते थोडक्यात सांगतो कारण जुने मराठी-हिंदी ट्युटोरियल सगळे त्यावरच आहेत. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील म्हणून लोकांनी सर्व्हर बसवले, आणि डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की हे २०२१ च्या शेवटी बंद. त्यातूनच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले, रॉकी तर सेंटओएसच्याच संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांनी सुरू केलं. ड्रॉपडाउनमध्ये सेंटओएस स्ट्रीम नावाचं जे दिसतं ते रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीत काय येणार त्याची आधीची पायरी आहे, जुन्या सेंटओएसच्या जागी म्हणून ते घेऊ नका, अल्मा किंवा रॉकी घ्या. अल्मा ९ ला २०३२ पर्यंत अपडेट आहेत, तेही फुकटात.

उबंटू घ्यायचं तर एलटीएसच (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती). ते सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येतं, २२.०४, २४.०४ असं, आणि पाच वर्षं साधा सपोर्ट मिळतो, म्हणजे २४.०४ ला २०२९ पर्यंत. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं असं एक, तो पाच वर्षांचा वायदा उबंटूच्या मुख्य भांडारातल्या पॅकेजेसचा आहे, रेडिस, नोड वगैरे युनिव्हर्स नावाच्या दुसऱ्या भांडारातून येतात आणि त्यांचे सिक्युरिटी अपडेट खात्रीने हवे असतील तर उबंटू प्रो जोडावं लागतं. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे, जोडून टाका, मुदत पण दहा वर्षं होते.

डेबियनला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढची दोन वर्षं एलटीएस टीमचा, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ साधारण २०३० पर्यंत जातं. हलकं आहे, स्नॅप (उबंटूची सॉफ्टवेअर बसवायची वेगळी पद्धत) वगैरे आधीपासून बसवलेलं नसतं, आणि एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जागेवरच अपग्रेड करायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. रॉकीवाले मोठ्या आवृत्तीसाठी सरळ नवीन इन्स्टॉल करा असंच सांगतात, अल्माने त्यासाठी एलेव्हेट नावाचं टूल काढलंय.

मशीनकडे पण बघायला हवं. ५१२ एमबीचा छोटा व्हीपीएस असेल तर डेबियन घ्या. तेवढ्या रॅमवर अल्मा-रॉकीमध्ये साधं डीएनएफ (तिथलं पॅकेज बसवायचं टूल) अपडेट मारलं तरी मेमरी संपून ते मध्येच मरू शकतं. अल्पाइन नावाचं लिनक्स याहून हलकं आहे पण ते ग्लिबसीऐवजी मसल वापरतं (दोन्ही प्रोग्रॅमना लागणाऱ्या मूळ लायब्ररी), बाहेरून आणलेली तयार बायनरी (प्रोग्रॅमची फाइल) त्यावर चालेलच असं नाही, आणि लोकेलचा (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचा) सपोर्ट पण तोकडा, त्यामुळे डॉकरच्या (अ‍ॅप वेगळ्या डब्यात बंद करून चालवायचं टूल) इमेजपुरतं ठीक, पहिला सर्व्हर म्हणून नको. प्लॅन ओपनव्हीझेडचा आहे का केव्हीएमचा (एका मोठ्या मशीनचे, म्हणजे होस्टचे, व्हीपीएस पाडायच्या दोन पद्धती) तेही विचारा, ओपनव्हीझेडमध्ये कर्नल (ओएसचा गाभा) होस्टचाच असतो, विंडोज चालणार नाही आणि डॉकरची पण कटकट होते.

आणि सीपीयू! हे कोणी बघत नाही. रेड हॅट ९ च्या कुटुंबाला (अल्मा ९, रॉकी ९ वगैरे) एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा सीपीयू लागतो, १० च्या कुटुंबाला व्ही३. होस्टचा खरा सीपीयू नवा असला तरी काही ठिकाणी व्हीपीएसला क्यूईएमयूचा (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) साधा व्हर्च्युअल सीपीयू दाखवतात, मग रॉकी १० बूट होतानाच कर्नल पॅनिक देऊन थांबतं आणि माणूस ओएसची इमेज (बसवायची तयार फाइल) खराब आहे समजून तीच परत परत टाकत बसतो. आधी डेबियन टाकून एलएससीपीयू कमांड मारा, फ्लॅग्जच्या लांबलचक ओळीत एव्हीएक्स२ दिसलं नाही तर १० चा नाद सोडा. अल्माने १० साठी व्ही२ चं वेगळं बिल्ड ठेवलंय, पण बाहेरची पॅकेजेस त्यासाठी मिळतील याची खात्री नाही.

पॅकेजच्या आवृत्त्या पण जुळवून बघा. पीएचपी डेबियन १२ मध्ये ८.२, उबंटू २४.०४ मध्ये ८.३, डेबियन १३ मध्ये ८.४ येतं. जुनं थीम किंवा प्लगइन ८.२ च्या पुढे चालत नसेल तर हे आधी कळलेलं बरं.

अल्मा-रॉकीत एसईलिनक्स (कुठल्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं ते ठरवणारी जादा सुरक्षा) चालू असतं. नवख्या माणसाला ते असं भेटतं: नोडचं अ‍ॅप ३००० पोर्टवर व्यवस्थित चालू, पुढे बसवलेल्या एनजिनएक्स वेब सर्व्हरचं कॉन्फिग बरोबर, तरी ब्राउझरमध्ये ५०२ एरर, आणि एरर लॉगमध्ये परमिशन डिनाइड. फाइलच्या परमिशन बघून काही सापडत नाही कारण अडवलेलं असतं नेटवर्क कनेक्शन, एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट हे एक बुलियन (चालू-बंद करायची सेटिंग) चालू केलं की सुटतं. नेटवर याचं उत्तर म्हणून एसईलिनक्सच बंद करा असं सर्रास लिहिलेलं असतं, तसं अजिबात करू नका, ती सुरक्षा नको असेल तर सरळ डेबियन किंवा उबंटू घ्या, तिथे त्याच कामाचं अ‍ॅपआर्मर असतं आणि ते फारसं आडवं येत नाही.

मला विचाराल तर सीपॅनल किंवा ऑफिसची रेड हॅटची सवय असेल तर अल्मा, पहिलाच सर्व्हर असेल आणि अडलं की गूगल करून सोडवणार असाल तर उबंटू एलटीएस कारण उत्तरं त्याचीच सगळ्यात जास्त सापडतात, आणि एकदा बसवून पाच वर्षं कमीत कमी हात लावायचा असेल तर डेबियन. तुमच्या ओळखीतला जो मित्र रात्री अकराला फोन उचलून मदत करेल तो जे वापरतो ते घेतलं तरी चूक नाही, फक्त त्याची मुदत तपासा.

ठरलं की लगेच वर्षाचे पैसे भरू नका. तासावर बिल होणारा सर्व्हर घेऊन त्यावर सगळं बसवून बघा, अ‍ॅप चालतंय, पॅनल चालतंय, अपडेट येतायत. टाइमझोन बहुतेक इमेजमध्ये यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतो, तो एशिया/कोलकाता करा नाहीतर रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला धावेल. सिक्युरिटी अपडेट आपोआप बसतील असं लावा, उबंटूत अनअटेंडेड-अपग्रेड्स आधीच चालू असतं, अल्मा-रॉकीत डीएनएफ-ऑटोमॅटिक स्वतः चालू करावं लागतं. कर्नलचं अपडेट मात्र रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही, त्यासाठी महिन्यातली एक रात्र ठरवून ठेवा, आणि ओएस संपायच्या तारखेच्या सहा महिने आधीचं रिमाइंडर आजच फोनमध्ये टाका.