शेवटचे दिवस घरीच काढायचे ठरले, तर

‘अब घर ले जाइए, सेवा कीजिए.’ इंदूरमधल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात कधी ना कधी हे ऐकावं लागतं. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते डिस्चार्जच्या कागदावर नसतं.

निघण्याआधी विचारून घ्या. दुखणं वाढलं तर काय द्यायचं, धाप लागली तर काय करायचं, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? कॅन्सरच्या वेदनांवर तोंडाने घ्यायचं मॉर्फीन मिळतं. 2014 मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिलं तर माणूस त्याने लवकर जात नाही. पोट मात्र हमखास धरतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषधही पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

बोलता येतंय तोवर त्यांनाच विचारा. ‘नाना, परत आयसीयूत न्यायची वेळ आली, तर न्यायचं का?’ एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशी इच्छा आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. कागद केला नाहीत, तरी सगळ्या भावंडांना एकदमच सांगा. नाहीतर आठवडाभर उशाशी बसलेल्या सुनेचं कुणी ऐकत नाही आणि पुण्याहून शेवटच्या दिवशी आलेला मुलगा व्हेंटिलेटर लावायला लावतो.

खाण्याचा आग्रह सोडा. इंदूरकरांना हेच सगळ्यात जड जातं, कारण इथे माया दाखवायची ती खाऊ घालूनच. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप जाते. शरीराला अन्न झेपत नाही, आणि गिळता येत नसताना चमचाभर पेजही श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याऐवजी स्वच्छ मऊ फडकं पाण्यात बुडवा, पिळा, बोटाला गुंडाळा आणि गालांच्या आतून, जिभेवरून हलकेच फिरवा. ओठांना तूप लावा. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड आणि टाचा रोज बघा, लाली दिसली की त्या जागेवर भार येऊ देऊ नका.

घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवा. बघणाऱ्याला तो आवाज सोसत नाही, पण बहुधा त्यांना त्याचा त्रास होत नसतो. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणं, हातपाय गार आणि निळसर पडणं ही शेवट जवळ आल्याची चिन्हं. ऐकू येतंय असं धरूनच बोला. उशाशी बसून इस्टेटीच्या गोष्टी नकोत.

दाखल्याची सोय आधीच करा. घरी मृत्यू झाला, तर कारणाचं प्रमाणपत्र शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. कायद्याने ते विनाशुल्क आहे. म्हणून जवळच्या डॉक्टरांना आधीपासून घरी बोलावत राहा. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांत व्हायला हवं. तोवर पंखा बंद, डोळे मिटलेले, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी.

कुठलं मुक्तिधाम म्हणजे स्मशान, अस्थींसाठी नर्मदाकाठचा खेडीघाट की ओंकारेश्वर, ही माहिती गुरुजी आणि शेजारी न विचारता देतात.

मागे राहिलेल्या आजीकडे तेराव्यानंतर या. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते, चौदाव्या दिवशी आजी दोन कप चहा टाकते आणि एक ओतून देते. डबा पोचवून निघू नका, सोबत बसून जेवा. आजोबांचं नाव टाळू नका. तिच्या बीपीच्या गोळ्या आजवर कोण काढून देत होतं, ते बघा. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मृत्यूचा दाखला आणि पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश शोधा. कपाट रिकामं करणं, घर विकणं, तिला मुलाकडे कायमचं हलवणं, यांची घाई नको.

रडणं, मध्येच हसणं, चिडणं हे सगळं होतं. पण वजन उतरत चाललं, महिने उलटूनही घराबाहेर पडेनाशी झाली, तर डॉक्टरांना दाखवा. ‘मलाही ने रे बाबा’ हे म्हाताऱ्या माणसांचं नेहमीचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका, शेजारी बसून ‘जगणं नकोसं झालंय का?’ असं सरळ विचारा. मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक 14416, ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा 14567. दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या फोनजवळ चिकटवा.