जुनी फुल-सस्पेन्शन फ्रेम घेताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी माझ्याकडे सायकलची जुनी फ्रेम घेऊन येतो आणि पैसे देऊन झाल्यावर विचारतो, "दादा, बघा ना, बरी आहे का?" हे विचारायची वेळ त्याच्या आधीची असते. नव्वदच्या दशकातल्या या फुल-सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणाऱ्या माउंटन सायकलच्या फ्रेम माझ्याही जिवाच्या आहेत. जीटीची एलटीएस, ट्रेकची ती वाय आकाराची, स्पेशलाइज्डची एफएसआर. म्हणूनच घाईत घेतलेली फ्रेम महिन्याभरात भंगारात गेली की वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सीटवर हात ठेवून तीनदा दाबायचं आणि "सस्पेन्शन मस्त आहे" म्हणून मोकळं व्हायचं. दाबल्यावर तुम्हाला जाणवतो तो शॉक, म्हणजे मागचे धक्के झेलणारा दबणारा भाग. फ्रेमचं खरं आयुष्य पिव्होटमध्ये असतं, म्हणजे मागचा त्रिकोण पुढच्याला जोडणाऱ्या सांध्यांत. शॉक जागेवर असेपर्यंत त्या सांध्यांची अवस्था कळत नाही. मी आधी मागचं चाक काढतो, मग शॉकचा एका बाजूचा बोल्ट काढतो आणि स्विंगआर्म, म्हणजे फ्रेमचा मागचा हलणारा भाग, हाताने वर-खाली करतो. तो सगळीकडे सारखा, न अडखळता फिरला पाहिजे. मग टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवतो. खटखट वाजलं तर बुश किंवा बेरिंग गेलेलं असतं. ते बहुतेक वेळा बदलता येतं. अडकणारा पिव्होट मात्र त्याहून वाईट.

हे मी पैसे मोजून शिकलो. मे महिन्यात नागपूरच्या मनीषनगरातल्या एका गच्चीवर ताडपत्रीखाली एक ॲल्युमिनियमची फ्रेम मिळाली. रंग असा की डोळे दिपावेत. विकणारा म्हणाला, "थोडी टाईट आहे, ग्रीस मारा, होऊन जाईल." मी शॉक न काढताच घेतली. घरी मुख्य पिव्होटचा बोल्ट जागचा हलेना. स्टीलच्या एक्सलभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी धरून सगळं जाम झालं होतं. तीन दिवस तेल सोडलं, काही फरक नाही. शेवटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे नेली. त्याने बोल्ट ड्रिल करून काढला, पितळेचे बुश कातून दिले, आणि फ्रेम परत देताना वेल्डच्या कडेला नख टेकवून म्हणाला, "भाऊ, हे पायलं का तुम्ही?" केसाएवढी रेघ होती. मी तिला रंगावरचा ओरखडा समजलो होतो.

त्यानंतर खडू आणि रॉकेल घेतल्याशिवाय मी फ्रेम बघायला जात नाही. संशयाच्या जागी रॉकेल लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, फडक्याने कोरडं पुसायचं आणि वरून खडू घासायचा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. पिव्होटचे वेल्ड, हेडट्यूबच्या (पुढचा फोर्क बसतो ती नळी) खालची बाजू, सीटट्यूबची (सीटची दांडी जाते ती नळी) वरची खाच आणि शॉकच्या माउंटची मुळं, एवढ्या जागा सोडू नका. "वेल्ड मारून घेऊ ना" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. 6061 या जातीच्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. नुसता टाका मारला की त्याच्या कडेचा धातू नरम पडतो आणि पुढची भेग तिथूनच निघते.

दुसरी चूक शॉकची. "शॉक गेला आहे, पण नवीन टाकता येईल" हे वाक्य लोकांना फार महागात पडलेलं मी बघतो. शॉक दोन मापांवर ठरतो: दोन डोळ्यांच्या, म्हणजे टोकांच्या बोल्टच्या भोकांच्या, मधलं अंतर आणि स्ट्रोक, म्हणजे शॉक किती दबतो ते. जुनी मापं मुळात इंचांची, पण 165 बाय 38, 190 बाय 50, 200 बाय 50 मिलीमीटर अशी लिहिलेली. 2016 पासून मेट्रिक मापं आली, त्यामुळे आज दुकानात सहज मिळणारा शॉक तुमच्या फ्रेमला बसेलच असं नाही. हवा गेलेला शॉक दबून राहिला असेल तर त्याचं माप कमी भरतं, म्हणून फ्रेमचं मॉडेल आणि साल शोधून मूळ माप बघा. काही जण जास्त स्ट्रोकचा शॉक बसवतात आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मागचा टायर सीटट्यूबवर आदळतो. सेमिनरी हिल्सच्या उतारावर माझ्यासमोर हे झालं. पोरगा वाचला, फ्रेमला पोचा पडला.

आता बाकीचं. सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, पूर्ण बाहेर काढून दाखवायला सांगा, जाम झालेली पोस्ट काढताना ट्यूब फाटू शकते. हेडट्यूब बहुतेक सव्वा नाही, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाच्या सरळ स्टीअररसाठी (फोर्कची वरची नळी) असते, टेपर्ड, म्हणजे खाली जाड होत जाणाऱ्या स्टीअररचा फोर्क तिच्यात जात नाही. फ्रेम 80 मिलीमीटर दबणाऱ्या फोर्कसाठी बनली असेल तर 130 चा लावून हेडट्यूबवर जोर देऊ नका. डिस्क ब्रेकचा माउंट आहे का बघा, नसेल तर रिमवर दाबणाऱ्या व्ही-ब्रेकवर समाधान मानायची तयारी ठेवा. इलॅस्टोमरवाले, म्हणजे आत रबराचे ठोकळे असलेले जुने शॉक आणि फोर्क असतील तर रबर नखाने दाबून बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर पडलेलं रबर दगड झालेलं किंवा चुरा होणारं निघतं.

आणि डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा. तो वाकलेला असेल किंवा त्याचे आटे गेले असतील तर त्याच आकाराचा दुसरा मिळतो का हे आधी शोधा. प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो. मी आधी मोबाइलवर त्याचा सरळ समोरून फोटो काढतो, घरी येऊन जुळवतो आणि मगच विकणाऱ्याला फोन करतो. तोवर बयाणा देत नाही, तो कितीही म्हणो की संध्याकाळी दुसरा येणार आहे.