लिनक्सवर इंटर्नल डायल-अप मॉडेम बसवताना या चुका टाळा

इंटर्नल मॉडेम, म्हणजे संगणकाच्या आत बसून फोनच्या लाइनवरून डेटा पाठवणारं कार्ड, चालत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी डब्ल्यूव्हीडायलची (फोन लावून जोडणी करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल उघडतात. नंबर बदलून बघतात, पासवर्ड पुन्हा टाकतात, स्पीडचे आकडे वरखाली करतात. इकडे लिनक्सला कार्ड दिसलेलंच नसतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की तपासणी खालून वर करा. आधी कार्ड, मग ड्रायव्हर, मग पोर्ट, मग टेलिफोनची लाइन, त्यानंतर लॉगिन आणि अखेरीस नेटवर्कचा रूट, म्हणजे डेटा कुठल्या वाटेने जायचा ते. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावू नका.

नाशिकमध्ये हा विषय अजून निघतो. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या वर्कशॉपला जुन्या यंत्राची माहिती फोनवरून घ्यायची असते, कुणाला ऑफिसातल्या जुन्या पीसीवर फॅक्स हवा असतो, तर कुणाला कपाटातला पेंटियम पुन्हा जिवंत करायचा असतो. तिघांच्याही चुका साधारण सारख्याच असतात. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या.)

खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधणं

खोक्यावर किंवा कार्डाच्या पत्र्यावर लिहिलेल्या कंपनीचा इथे काही उपयोग नाही. त्याच नावाखाली वेगवेगळ्या चिपची कार्डं विकली गेली आहेत. चिप कुठली आहे तेवढंच महत्त्वाचं.

त्याचं कारण नीट समजून घ्या. मॉडेमच्या आत दोन कामं चालतात. एक कंट्रोलरचं: एटी आज्ञा (संगणक मॉडेमला देतो त्या ‘एटी’ने सुरू होणाऱ्या सूचना) समजणं, चुका दुरुस्त करणं, डेटा दाबून पाठवणं. दुसरं सिग्नलचं: आकड्यांचा आवाज करणं आणि आवाजाचे आकडे. पूर्ण हार्डवेअर मॉडेममध्ये दोन्ही कामं कार्डावरच होतात, आणि लिनक्सला ते साध्या सीरियल पोर्टसारखं दिसतं. स्वस्त कार्डांत मात्र कंट्रोलरचं काम काढून संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलं. त्याहून स्वस्त कार्डांत सिग्नलचं कामही काढलं, कार्डावर उरली ती फक्त लाइनला जोडणारी सर्किट. यांनाच विनमॉडेम म्हणतात, कारण उरलेलं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा. लिनक्सवर तो ड्रायव्हर नसेल, तर अशा कार्डाला एटी म्हटल्यावर उत्तर द्यायला कुणी नसतंच.

म्हणून पहिली आज्ञा ‘एलएसपीसीआय -एनएन’. यादीत मॉडेम किंवा कम्युनिकेशन कंट्रोलर अशी ओळ शोधा आणि शेवटच्या चौकटी कंसातला क्रमांक लिहून घ्या. पहिले चार अंक चिपच्या कंपनीचे. ११सी१ म्हणजे ल्युसेंट किंवा एजिअर, १४एफ१ म्हणजे कोनेक्संट, १६३सी म्हणजे स्मार्ट लिंक, १०५७ म्हणजे मोटोरोला, १३४डी म्हणजे पीसीटेल, १२बी९ म्हणजे यूएस रोबोटिक्स. पुढचे चार अंकही तेवढेच महत्त्वाचे आहेत. एकाच कंपनीच्या दोन चिपना दोन निराळे ड्रायव्हर लागतात. कोनेक्संटच्या एचसीएफ आणि एचएसएफ चिपचं तसंच आहे.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा वेगळं पीसीआय कार्ड नसतं. मॉडेम साउंडच्या चिपला जोडलेला असतो, त्यामुळे पीसीआयच्या यादीत तो स्वतंत्र दिसेलच असं नाही. तिथे अल्साच्या (लिनक्सच्या साउंड यंत्रणेच्या) कोडेकची, म्हणजे आवाज आणि आकडे यांची अदलाबदल करणाऱ्या चिपची, माहिती बघावी लागते. पीसीआयच्या आधीचं, खूप जुनं आयएसए कार्ड असेल तर जंपर (कार्डावरची छोटी टोपी) लावून कॉम पोर्ट ठरवा आणि मदरबोर्डवरचा त्याच क्रमांकाचा पोर्ट बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद करा. दोघांचा पत्ता एकच राहिला तर दोघंही बोलत नाहीत.

कुठल्याही कर्नलवर जुना ड्रायव्हर चढवणं

सॉफ्ट मॉडेमचे, म्हणजे वर सांगितलेल्या विनमॉडेमचे, बरेच ड्रायव्हर २.४ आणि २.६ कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) काळात लिहिले गेले. आजच्या कर्नलवर ते जसेच्या तसे कंपाइल होत नाहीत. दुसऱ्या कर्नलसाठी बनवलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरची तयार फाइल) आणून चढवलं की ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असा संदेश येतो. तो आला की सक्ती करू नका. ‘युनेम -आर’ने चालू कर्नलची आवृत्ती बघा, नेमक्या त्याच आवृत्तीचे हेडर (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) घाला आणि ड्रायव्हर तिथेच कंपाइल करा. मॉडेम काल चालत होता आणि आज नाही, अशी तक्रार असेल तर आधी विचारा की रात्री अपडेटमध्ये कर्नल बदलला का. बहुतेक वेळा तो बदललेला असतो.

स्मार्ट लिंकच्या ड्रायव्हरमध्ये आणखी एक खोच आहे. त्याचा सिग्नलचा भाग ३२ बिटमध्ये आधीच कंपाइल करून दिलेला आहे, त्याचा सोर्स मिळत नाही. ६४ बिट सिस्टिमवर तो भाग चालवणारा डीमन (मागे चालू राहणारा प्रोग्राम) बांधायचा तर ३२ बिटच्या लायब्ररी लागतात. कोनेक्संटच्या चिपसाठी लिनक्सअँटचा ड्रायव्हर होता. त्याची फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवरच थांबवलेली होती आणि तिच्यात फॅक्स नव्हता. जोडणी होते पण स्पीड त्यापुढे जातच नाही, अशा वेळी लाइनला दोष देण्याआधी हे आठवा.

मला विचाराल तर सॉफ्ट मॉडेमसाठी नवा कर्नल ठोकत बसण्यापेक्षा त्या मशीनवर त्या काळातलीच डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) ठेवा. फक्त तिला जुन्या सुरक्षा त्रुटी असतात, तेव्हा ती इंटरनेटवर मोकळी सोडू नका. आणि काम पोटापाण्याचं असेल, रोज चालायला हवं असेल, तर इंटर्नलचा नाद सोडून सीरियल पोर्टचा बाहेरचा मॉडेम घ्या. त्याला ड्रायव्हर लागत नाही आणि दिवे बघून निम्मी तपासणी होते. सीरियल पोर्ट नसेल तर यूएसबीवरचा हार्डवेअर मॉडेमही चालतो, तो टीटीवायएसीएम० म्हणून दिसतो.

चुकीच्या पोर्टवर हाका मारत राहणं

विंडोजमधला कॉम१ म्हणजे लिनक्सचा टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१. मोजणी शून्यापासून. पीसीआयचं हार्डवेअर मॉडेम बऱ्याचदा टीटीवायएस४वर येतं. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांत टीटीवाय शोधलं की नेमकं कळतं. सॉफ्ट मॉडेमची नावं निराळी आहेत: स्मार्ट लिंकचं टीटीवायएसएल०, ल्युसेंटचं टीटीवायएलटीएम०. डब्ल्यूव्हीडायलची आपोआप शोधणारी आज्ञा ही नावं बहुधा पकडत नाही, म्हणून ती फाइलमध्ये हाताने लिहा. स्मार्ट लिंकसाठी ‘कॅरियर चेक = नो’ ही ओळही घाला, नाहीतर जोडणी होऊनही प्रोग्राम फोन ठेवून देतो.

पुढची चूक स्पीडची. मॉडेम ५६के आहे म्हणून काही जण डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलमधल्या ‘बॉड’ या वेगाच्या ओळीत ५६००० लिहितात. तो आकडा संगणक आणि मॉडेम यांच्यामधला आहे, फोनच्या लाइनवरचा नाही. तिथे ११५२०० लिहा.

पोर्ट उघडायला परवानगी नाही असं आलं तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. पोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात आहे असं आलं तर मॉडेममॅनेजर (मॉडेम आपोआप हाताळणारी सेवा) थांबवून बघा. मग मिनिकॉम (पोर्टशी थेट बोलण्याचा प्रोग्राम) उघडून एटी टाइप करा. ओके आलं की संगणकाची बाजू पूर्ण झाली. ओके येत नाही तोवर नंबर, पासवर्ड, पीपीपी (फोनच्या जोडणीवरून नेटवर्क चालवणारी पद्धत) यांतलं काहीही बघू नका.

लाइनकडे दुर्लक्ष करणं

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि परदेशी मार्गदर्शिकांमध्ये यातलं फारसं नसतं.

‘नो डायलटोन’ हा संदेश घ्या. फोन उचलला तर टोन स्पष्ट ऐकू येतो, मग मॉडेमला का येत नाही? अमेरिकेत डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा मिळून बनतो. भारतात तो ४०० हर्ट्झचा असून त्यावर २५ हर्ट्झचा थरथराट असतो. अमेरिकेसाठी बनवलेलं कार्ड तो टोन ओळखत नाही. यावर उपाय दोन. पहिला, ‘एटी+जीसीआय=५३’ देऊन देश भारत ठेवा; कार्ड ही आज्ञा मानत असेल तर हाच उपाय खरा. दुसरा, सुरुवातीच्या आज्ञेत ‘एक्स३’ घाला. मग मॉडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो, मात्र समोरची लाइन बिझी असली तर ते ओळखतो. काही जण घाईत ‘एक्स१’ घालतात. त्याने बिझी टोनही कळत नाही आणि मॉडेम रिकामाच थांबून राहतो.

कारखान्यात लाइन ईपीएबीएक्समधून (ऑफिसच्या स्वतःच्या टेलिफोन एक्सचेंजमधून) येत असेल तर बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य आणि मग स्वल्पविराम टाका. स्वल्पविरामाने मॉडेम साधारण २ सेकंद थांबतो. आणि ती लाइन ॲनालॉग एक्स्टेन्शनची आहे ना, ते ईपीएबीएक्सवाल्याला नक्की विचारा. डिजिटल एक्स्टेन्शनच्या सॉकेटमध्ये खोचलं तर कार्ड कायमचं जाऊ शकतं.

पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांत एकाच लाइनवर वरखाली दोन-तीन फोन पॅरलल जोडलेले असतात. कुणी वरच्या मजल्यावर रिसीव्हर उचलला की ‘नो कॅरियर’, म्हणजे समोरच्या मॉडेमचा सिग्नल तुटल्याचा संदेश. तपासताना बाकीचे सगळे फोन काढून ठेवा. ब्रॉडबँडही त्याच तारेवर असेल तर मॉडेमची वायर स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला लावा. कार्डावरही दोन सॉकेट असतात. भिंतीकडून येणारी वायर ‘लाइन’ लिहिलेल्या सॉकेटमध्येच गेली पाहिजे.

पावसाळ्यात डब्यात आणि जोडांत पाणी शिरलं की खरखर वाढते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर हे जास्तच. मॉडेम बंद ठेवून फोनवर कान लावा. खरखर ऐकू येत असेल तर सेटिंग बदलून काही होणार नाही, लाइनमनला बोलवा. मल्टिमीटर असेल तर फोन ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवेत. कॅरियर क्षणभर तुटून जोडणी पडत असेल तर ‘एस१०’चा आकडा वाढवा. तो सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे ५० म्हणजे ५ सेकंद.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की भिंतीतून फोनची वायर काढा. फक्त संगणकाचा स्विच बंद करून भागत नाही. कार्डाला धक्का फोनच्या तारेतून बसतो आणि तो पुढे मदरबोर्डपर्यंत जातो.

आता हल्लीचा प्रश्न. इंदिरानगर, गंगापूर रोडकडच्या बऱ्याच इमारतींत तांब्याची तार जाऊन फायबर आलं. फोन फायबरच्या डब्याला लावलेला असतो, दिसायला सॉकेट तेच. पण आत आवाजाचे पॅकेट होतात. बोलण्यातला एखादा पॅकेट हरवला तर आपल्याला कळतही नाही, मॉडेमची जोडणी मात्र कोसळते. आवाज दाबून, म्हणजे आकुंचित करून, पाठवणारा कोडेक असेल तर आशाच नको. जी.७११ हा फारसा न दाबणारा कोडेक असेल तर स्पीड मुद्दाम कमी बांधून बघा, ‘एटी+एमएस=व्ही३२बी’ देऊन. वेग १४.४पर्यंतच राहील, पण यंत्राचा डेटा आणायला तेवढा पुरतो.

आणि ५६के कधी मिळतो? व्ही.९० आणि व्ही.९२ या मानकांत हा वेग फक्त येणाऱ्या डेटाला आहे, तोही समोरचं टोक एक्सचेंजला डिजिटल जोडलेलं असेल तरच. दोन घरांतले दोन साधे मॉडेम एकमेकांना जोडले तर कमाल ३३.६ केबीपीएस. तिथे ५६साठी धडपडण्यात अर्थ नाही.

जोडणी झाली, तरी इंटरनेट नाही

इथवर आलात की पीपीपीडीचा (पीपीपी चालवणाऱ्या प्रोग्रामचा) एक्झिट कोड, म्हणजे तो बंद होताना देतो तो क्रमांक, वाचा, अंदाज बांधू नका. ४ म्हणजे कर्नलमध्ये पीपीपी नाही. ८ म्हणजे डायल करणारी स्क्रिप्ट फसली. १६ म्हणजे मॉडेमने फोन ठेवला. १९ म्हणजे तुमचं नाव-पासवर्ड समोरच्याने नाकारलं. नाव-पासवर्ड ठेवलेल्या पॅप-सीक्रेट्स फाइलमध्ये नावामागे चुकून राहिलेली मोकळी जागा बघा.

कोड काहीच नाही, आयपी पत्ता मिळाला, तरी पान उघडत नाही? मशीनला लॅनची केबलही लावलेली असेल तर आधीचा डीफॉल्ट रूट तिच्याकडे असतो, आणि पीपीपीडी तो बदलत नाही. लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो. केबल काढा किंवा तो रूट पुसून पुन्हा डायल करा. आयपी पत्त्याला पिंग जातं पण नावाला जात नाही, असं असेल तर पीपीपीच्या ऑप्शन्समध्ये ‘यूजपीअरडीएनएस’ घाला.